उत्तर: सगळे ट्रान्झिस्टर रुंद केले तरी सर्किट मंदच का?

प्रश्न असा की तीन इनपुटच्या नॉर गेटमधले (सगळे इनपुट ० असतील तरच १ देणारं सर्किट) सगळे ट्रान्झिस्टर दुप्पट रुंद करूनही एकूण डिले, म्हणजे सिग्नलला लागणारा वेळ, का घटला नाही. कारण ट्रान्झिस्टरची रुंदी वाढली की इनपुट कपॅसिटन्सही (इनपुटला साठवावा लागणारा चार्ज) तितकाच वाढतो आणि तो भार आधीच्या टप्प्यावर पडतो. दादरचा फलाट रुंद केला म्हणून जिन्यावरची गर्दी ओसरत नाही!

मूळ इन्व्हर्टरमध्ये (० चा १, १ चा ० करणारं गेट) आउटपुट खाली खेचणाऱ्या एनमॉस ट्रान्झिस्टरची रुंदी १ आणि वर खेचणाऱ्या पीमॉसची २ धरा. इनपुटला भार म्हणजे दोन्हींची बेरीज, ३. तेवढाच ड्राइव्ह (आउटपुटला करंट देण्याची ताकद) हवा तर तीन इनपुटच्या नॅन्डला (सगळे इनपुट १ असतील तरच ० देणारं गेट) एनमॉस एकापाठोपाठ एक, म्हणून ते ३ आणि पीमॉस २, म्हणजे दर इनपुटला भार ५. नॉरमध्ये पीमॉस एकापाठोपाठ एक, म्हणून ते ६ आणि एनमॉस १, भार ७. शक्य तिथे नॅन्डच वापरा.

आउटपुटला इनपुटच्या ६४ पट भार असेल तर एकटा इन्व्हर्टर साधारण ६४+१=६५ एकक वेळ घेतो. १, ४, १६ अशा वाढत्या आकाराच्या तीन इन्व्हर्टरची साखळी, दर टप्प्याला ४ पट भार, ३×(४+१)=१५ मध्ये काम उरकते, शिवाय पोलॅरिटीही एकट्या इन्व्हर्टरसारखीच, म्हणजे उलटी, राहते.

एकापाठोपाठ जोडलेल्या ट्रान्झिस्टरांत उशिरा येणारा सिग्नल आउटपुटला चिकटलेल्या ट्रान्झिस्टरला द्या. बाकीच्यांचे मधले नोड (जोडबिंदू) तोवर डिस्चार्ज झालेले असतात. फुकटचा फायदा आहे हा, तरी बरेच जण विसरतात.

आणि स्पाइसमध्ये (सर्किटचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) नुसता डब्ल्यू, म्हणजे रुंदी, बदलू नका, एडी, एएस, पीडी, पीएसही (ड्रेन आणि सोर्सचं क्षेत्रफळ व परिमिती) बदला. नाहीतर ड्रेन-सोर्सचा डिफ्यूजन कपॅसिटन्स जुनाच राहतो आणि आलेख उगाच छान दिसतो.