मदत हवी आहे: हरणापासून एल्कपर्यंत एकच रायफल, काडतूस कोणतं आणि स्कोप कोणता?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. (लायसन आणि टॅग, म्हणजे ठरावीक जनावराचा परवाना, काढून रीतसर शिकार होते तिथलाच विषय आहे, त्यामुळे शिकार करावी का नको ही चर्चा इथे नको, प्लीज.)

मला स्वतःची पहिली रायफल घ्यायचीय आणि एकच घ्यायचीय. बोल्ट अॅक्शन हे पक्कं. शिकार म्हणाल तर म्यूल डिअर (हरीण), काळं अस्वल, एल्क (मोठ्या जातीचं हरीण), आणि टॅगसाठी नंबर लागला तर कधीतरी मूस (एल्कहूनही मोठं हरीण). आता म्यूल डिअरचा नर कुठे आणि तीनशे किलोच्या पुढचा एल्कचा नर कुठे, पण दोन्हीला पुरेल असं एक काडतूस हवं. आतापर्यंत तीन सीझन मित्राची .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त बारुदीचं, खांद्याला जास्त धक्का देणारं काडतूस) वापरली, वर ४-१६×५० स्कोप (४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं).

गेल्या सीझनला दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे, संध्याकाळची वेळ, सूर्य डोंगराआड गेलेला, मी झाडीच्या कडेला बसलेलो. दिवसभर समोरचा उतार न्याहाळत होतो म्हणून स्कोप १६ वर फिरवून ठेवलेला. एल्कची मादी आली ती समोरून नाहीच, डाव्या हाताच्या झाडीतून, ६० यार्डांवर. रायफल खांद्याला लावली, डोळा लावला आणि आत नुसते तपकिरी केस. खांदा आहे की पोट की मांडी, काही म्हणजे काही कळेना. रिंग फिरवायला हात वर नेला तेवढ्यात तिने मान वळवली आणि गेली. सुटली ती सुटली, त्याचं काही नाही.

दुसरी गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. १४० यार्ड, मादी आडवी उभी, रायफल सॅकवर टेकवलेली, घाई कसलीच नव्हती. चाप ओढला आणि ओढता ओढताच मला कळलं की मी डोळे मिटले आणि खांदा पुढे ढकलला. गोळी फासळ्यांच्या मागे, पोटात. जागेवर रक्त थोडंच, हिरवट घाण जास्त. काही तास थांबलो, मग माग काढत गेलो, अंधार पडला, परत फिरावं लागलं. सकाळी झुडपात सापडली, पण रात्रीच केव्हातरी मेलेली, बरंचसं मांस वाया गेलं. त्या जनावराने रात्रभर जे सोसलं ते माझ्या एका चापामुळे. परत तसं होऊ द्यायचं नाहीये, म्हणून विचारतोय.

माझ्या यादीत .२७० विंचेस्टर, .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि सवयीची म्हणून .३०० विन मॅग. कागदावर बघितलं तर १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०-०६ मधून साधारण २७०० फूट प्रति सेकंदाने निघते आणि .३०० मधून २९६० च्या आसपास, मग वाटतं मॅग्नम सोडून खाली यायचं म्हणजे एल्कसाठी कमी पडणार का? का मीच अजून सराव करून मॅग्नमची सवय लावून घ्यावी? आणि स्कोप कितीचा घेऊ? जाणकारांनी कृपया सांगा, आधीच आभार.

प्रतिसाद:
६.५ क्रीडमूर घे भावा, डोळे झाकून. २००७ पासून आहे, धक्का एकदम कमी, नेम सुंदर. १४०-१४३ ग्रेनची चांगली गोळी घेतलीस आणि २५०-३०० यार्डांच्या आत राहिलास तर एल्कलाही पुरते. मी तिच्यावरच खूश आहे.

प्रतिसाद:
वर सांगितलंय ते हरणासाठी शंभर टक्के मान्य. एल्क आणि मूस यादीत असतील तर मी थोडी जड गोळी घेईन, कारण जनावर नेहमी आडवं उभं राहत नाही, तिरकं असलं तर गोळीला खांद्याचं हाड फोडून आत फुफ्फुसापर्यंत जायचं असतं.

पण धागाकर्ते, तुमचा प्रश्न काडतुसाचा नाहीच असं मला वाटतं. १४० यार्डांवर आडव्या उभ्या एल्कला यादीतलं कुठलंही काडतूस पुरलं असतं. तुम्ही दचकलात. तीन सीझन मॅग्नम खांद्यावर घेतलीत, शरीराने धक्क्याची धास्ती घेतली, आता ते धक्का बसायच्या आधीच सावध होतंय. स्कोप धरून ८ पौंडांची रायफल धरली तर ६.५ क्रीडमूरचा धक्का १२-१३ फूट-पौंड, .३०-०६ चा २० च्या आसपास, आणि .३०० विन मॅगचा त्याहून जवळजवळ एक-तृतीयांश जास्त. त्या जास्तीच्या धक्क्याच्या बदल्यात मिळतं काय ते बघा. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल असा स्कोप जुळवला, तर ३०० यार्डांवर .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी साधारण ८ इंच खाली जाते आणि .३०० ची साडेसहा-सात. म्हणजे फरक जेमतेम दीड-दोन इंच. एल्कच्या छातीत फुफ्फुसांची जागा त्यापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि दचकल्यावर नेम किती सरकतो ते तुम्ही पाहिलंच आहे.

आणि मॅग्नम म्हणजे गोळी आत जाणारच, हाही समज सोडा. १९४६ साली जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम. चिखलाने माखलेला मूस, गोळ्या लागत होत्या पण वरच्या वर फुटत होत्या, आत पोचतच नव्हत्या. वेग भरपूर होता, गोळीच तो वेग पेलणारी नव्हती. त्यातूनच त्यांनी मधे पडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली, पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत जातो, १९४८ पासून ती विकली जातेय. म्हणून खर्च करायचाच असेल तर गोळीवर करा. पार्टिशन, बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या कवचाला पक्कं जोडलेली) नाहीतर पूर्ण तांब्याची, तिन्ही चालतील.

दोन गोष्टी सांगा. आतापर्यंत जनावरावर झाडलेल्या गोळ्या किती यार्डांवरच्या होत्या? आणि रेंजवर डमी (बारूद नसलेल्या) काडतुसाची टेस्ट कधी केलीय का? मित्राला मॅगझिन भरायला सांगा, मधे कुठेतरी एक-दोन डमी, कुठे ते तुम्हाला माहीत नको. काय होतं ते इथे येऊन लिहा, मग स्कोपचं बोलू.

धागाकर्ता:
अंतरं आठवून वहीत लिहिली. ९०, १४०, २१०, ११०, १७०. बस. ३०० च्या पुढे मी कधी गोळी झाडलेलीच नाही, आणि मी इतके दिवस ५०० यार्डांचे तक्ते पाठ करत होतो.

रविवारी टेस्ट केली. मित्राने पाच भरल्या, मी बेंचवर. पहिल्या दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसऱ्याला चाप ओढला, नुसता खट्ट आवाज, आणि नळीचं टोक सपकन खाली गेलं, चांगलं चार बोटं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माझा खांदा पुढे आणि डोळे मिटलेले. मित्र शेजारी उभा होता, तो काहीच बोलला नाही. ती १४० यार्डांची मादी पोटात का लागली ते तिथेच कळलं. मी वर्षभर स्कोपला दोष देत होतो.

प्रतिसाद (वरचाच):
बरं झालं केलीत. हे खूप जणांना असतं, फक्त गोळी सुटली की धक्क्यात सगळं झाकलं जातं म्हणून दिसत नाही. मॅग्नम आता मित्राला परत द्या. घरी रायफल रिकामी आहे ना ते दोनदा तपासून, सुरक्षित दिशेला धरून रोज वीसेक वेळा नुसता चाप ओढा, खट्ट झाल्यावर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) हलला का ते बघायचं. रेंजवर .२२ वर भरपूर गोळ्या घालवा. कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही. निम्मं दचकणं आवाजाचं असतं, ते लोकांच्या लक्षातच येत नाही.

काडतूस म्हणाल तर तुमच्या अंतरांना .३०-०६ घ्या. १९०६ पासूनचं आहे आणि काडतूस जवळपास कुठेही मिळतं. हरणासाठी १५० ग्रेन, एल्कसाठी १६५ किंवा १८०, रायफल तीच. फक्त गोळी बदलली की झीरो परत बघायचा, हे विसरू नका. .२७० पण उत्तम आहे, १३० ग्रेन ३०६० च्या आसपास जाते, धक्काही थोडा कमी, पण मूसचं नाव काढलंत म्हणून .३०-०६ म्हणतोय. तीही खांद्याला जड वाटली तर .३०८ किंवा ७एमएम-०८ घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आता स्कोप. ६० यार्डांवरच्या त्या मादीचं काय झालं ते सांगतो. १६ पटीवर १०० यार्डांवर साधारण साडेसहा फूट रुंद दिसतं, म्हणजे ६० यार्डांवर फक्त ४ फूट. ती स्वतःच लांबीला ७ फूट, मग केसच दिसणार. दुसरं म्हणजे उजेड. पुढच्या भिंगाचे मिलिमीटर भागिले पट, एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ५० भागिले १६, म्हणजे ३ मिलिमीटर. तिन्हीसांजेला तुमची बाहुली ५-६ मिलिमीटर उघडलेली असते, तिला मिळतायत ३. तोच स्कोप ८ वर ठेवला असता तर ६ मिळाले असते आणि चित्र कितीतरी उजळ दिसलं असतं. म्हणून वरच्या आकड्याच्या मागे लागू नका, खालचा आकडा बघा. ३-९×४० किंवा २-१०×४२, साधा ठळक रेटिकल (नेमाच्या रेषा), सेकंड फोकल प्लेन, म्हणजे पट कमी केली तरी रेषा बारीक होत नाहीत. आय रिलीफ (डोळा आणि स्कोप यांमधलं अंतर) साडेतीन-चार इंच हवाच, नाहीतर भुवई फुटते. टरेटवर (नेम जुळवायच्या बटणांवर) टोपणं असलेला घ्या, झाडीतून जाताना फिरत नाही. आणि चालताना पट कायम सगळ्यात खाली. लांबचं जनावर असेल तर वाढवायला वेळ मिळतो, जवळचं असेल तर कमी करायला मिळत नाही.

प्रतिसाद:
१ इंच ट्यूब का ३० एमएम, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. ३० मध्ये सहसा अॅडजस्टमेंटला जास्त जागा मिळते, उजेड त्याने वाढत नाही. ३०० यार्डांच्या आत कुठलीही चालेल, फक्त रिंगा त्याच मापाच्या घ्या आणि स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. .३०-०६ घेतली, वर ३-९×४०, बाँडेड १६५ ग्रेन. १०० यार्डांवर दोन इंच वर, २०० वर झीरो.

घाईने लिहायचं नव्हतं म्हणून सहा आठवडे थांबलो. रोज रिकाम्या रायफलीचा चाप, आठवड्यातून दोनदा .२२. काल मित्राने दहा भरल्या, त्यात चार डमी. पहिल्या डमीला नळी थोडी हलली, बोटभर. बाकी तीनला क्रॉसहेअर जागेवर होता आणि खट्ट झालं तेव्हा माझा डोळा उघडा होता. पुढच्या रविवारी बेंच सोडून बसून आणि गुडघ्यावरून तीच टेस्ट करणार आहे. एल्कचा टॅग आलाय, पण दहातल्या दहा डमी नीट जाईपर्यंत तो खिशातून काढणार नाही.