मदत हवी आहे: ऑटोक्रॉसला चौथ्या फेरीपासून पकड जाते, आणि त्याच टायरवर पावसात गाडी तरंगली

नमस्कार मंडळी,

गाडी साधी आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, वजन ११५० किलोच्या आसपास, इंजिनाला हात लावलेला नाही. रोजच्या कामाला हीच आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ऑटोक्रॉसलाही (शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजायची स्पर्धा) हीच. दोन वर्षं ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजण्याचा आकडा, लहान म्हणजे लवकर झिजणारा) ३०० चे समर टायर (उबदार हवेसाठीचे) वापरले. ते झिजल्यावर या हंगामात ट्रेडवेअर २०० चे घातले, कारण स्पर्धेतल्या आमच्या वर्गाच्या नियमात बसणारे सगळ्यांत चिकट टायर तेच. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या गोष्टींनी बेजार झाले आहे.

पहिली ऑटोक्रॉसची. गाडी मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून चालवतो, आलटून पालटून. गेल्या वेळच्या माझ्या फेऱ्या: ५३.१, ५२.४, ५१.९, मग ५२.८ आणि शेवटची ५३.६ सेकंद. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं, शेवटची फेरी नेहमी सर्वांत वेगवान असायची. चौथ्या फेरीपासून स्टिअरिंग वळवलं की नाक आत यायच्या ऐवजी सरळ पुढे घसरत जातं. शंकूंच्या रांगेतला शेवटचा शंकू तर दोन्ही वेळा आडवा झाला.

जुने टायर बोलायचे. पकड संपत आली की आधी बारीक घरघर, मग कण्हल्यासारखा आवाज, मग किंचाळी. त्या आवाजावर मी स्टिअरिंग किती वळवायचं ते शिकले. नवे टायर जवळजवळ गप्प असतात. पकड खूप जास्त आहे, पण ती संपते कुठे हे मला कळतच नाही.

हवा थंड टायरमध्ये सगळीकडे ३३ पीएसआय भरते. दोन फेऱ्यांत ती ३९ च्या वर जाते, म्हणून मी प्रत्येक वेळी सोडून परत ३३ वर आणते. हे बरोबर आहे ना?

दुसरी गोष्ट रस्त्याची, आणि तिची मला जास्त काळजी आहे. सकाळी थंडीत पहिले काही किलोमीटर टायर लाकडासारखे वाटतात. रस्त्याला चाकोऱ्या पडल्या असतील तर गाडी त्यांच्या मागे ओढली जाते. हे सगळं मी सोसते. पण गेल्या मंगळवारी पावसात, ताशी सत्तरच्या वेगात, साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं झालं. दीड-दोन सेकंद हातात काहीच नव्हतं. ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) अजून साडेपाच मिमी शिल्लक आहे, मी मोजलाय. मग असं का व्हावं? हेच टायर रोज वापरायचे की वेगळा सेट करायचा? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी एक विचारतो, बाकी नंतर. रविवारी फेऱ्या संपल्यावर तुम्ही हवा परत भरली होती का?

गरम टायरमधून सोडलेली हवा टायर थंड झाल्यावर परत येत नाही. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की दाब एक पीएसआयने उतरतो. गरम असताना ३३ ठेवलेला टायर दुसऱ्या दिवशी सकाळी २७ च्या आसपास असणार. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण पाणी बाजूला सारायला जमिनीवरचा दाबच कमी पडतो. त्यात २०० च्या टायरवर खाचा कमी, रबराचे ठोकळे मोठे. कोरड्यावर हाच त्याचा गुण, साचलेल्या पाण्यात तोच दोष. कृपया आत्ताच्या आत्ता मोजून बघा.

धागालेखिका

आत्ता मोजून आले. पुढचे २६ आणि २६.५, मागचे २९. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. म्हणजे दोन आठवडे मी अशीच फिरतेय, आणि त्यात एकदा आईला घेऊन लांबचा प्रवासही झाला. अंगावर काटा आला. पंपाने सगळीकडे ३३ केली. मनापासून आभार.

प्रतिसाद २

ऑटोक्रॉसचं उत्तरही बहुतेक याच हवेत आहे, पण अर्धंच.

चिकट रबराला काम करायला ठरावीक उष्णता लागते. कमी असेल तर ते लाकूड, जास्त झाली की पृष्ठभाग तेलकट होऊन घसरतो. एका चालकाच्या गाडीला दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ मिळतो, टायर निवतो. दोघे चालवता तेव्हा तो निवायच्या आत परत निघतो. तुमची तिसरी फेरी वेगवान आणि चौथी मंद, हे तापलेल्या टायरचंच लक्षण आहे. फवारणीचा पंप घेऊन जा आणि फेरी संपली की पुढच्या टायरच्या ट्रेडवर पाणी मारा. दोन चालकांच्या गाड्यांवर हे सर्रास करतात.

आता हवा. दाब वाढला म्हणून सोडायचाच असा नियम नाही. टायरला किती हवा हवी हे टायरलाच विचारायचं. साइडवॉल (टायरची उभी बाजू) आणि ट्रेड जुळतात तिथे, खांद्यावर, खडूने आडव्या जाड रेघा ओढा, पुढच्या दोन्ही टायरवर तीन-तीन ठिकाणी. बहुतेक टायरवर त्या जागी छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरीनंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला ते पाहा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला तर ठीक. त्याच्या खाली साइडवॉलवर उतरला तर टायर कुशीवर लोळतोय, हवा वाढवा. टोकाच्या बराच वर राहिला तर थोडी सोडा. माझा अंदाज, तुमचा ३३ ला लोळतोय, आणि लोळल्यामुळेच बाहेरची कड जास्त तापतेय.

कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन, किती आहे? पुढे मॅकफर्सन स्ट्रट (सस्पेन्शनचा एक प्रकार) असेल तर वळणात गाडी कलली की चाकही बाहेरच्या बाजूला कलतं, आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. कारखान्यातून साधारण अर्धा अंश मिळतो, तो या खेळाला पुरत नाही. वर्गाच्या नियमात बसत असेल तर कॅम्बर बोल्ट घालून उणे दीडपर्यंत (चाकाचा वरचा भाग आत कललेला) न्या. टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली ते) मात्र शून्याजवळ ठेवा. रस्त्यावर आतली कड खाल्ली गेली की लोक कॅम्बरला दोष देतात, खरं तर टायर टोमुळे जास्त झिजतो.

प्रतिसाद ३

आकड्यांबद्दल थोडं, कारण ‘२०० म्हणजे इतकं चिकट’ असं बरेच जण धरून चालतात. ट्रेडवेअर हा झिजण्याचा आकडा आहे, पकडीचा नव्हे. ही अमेरिकेतली प्रतवारी. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर सुमारे ११,५०० किलोमीटर गाड्या पळवून संदर्भ टायरशी झीज ताडून पाहतात आणि मग आकडा कंपनी स्वतः देते. म्हणून एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. शेजारचं एए किंवा ए हे अक्षर ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं. त्यात वळणातली पकड येत नाही, साचलेलं पाणीही येत नाही.

रोजच्या वापराबद्दल माझं मत ठाम आहे: दोन सेट करा. समर रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि तुमच्या सकाळच्या ‘लाकडा’चं कारण तेच. शिवाय रस्त्यावरचे किलोमीटर म्हणजे महागडं रबर फुकट झिजवणं. ३०० च्या आसपासचा चांगला समर टायर पावसात कितीतरी शांत असतो आणि तुम्हाला हवा तसा बोलतोही.

टायर गप्प असतो तेव्हा कान सोडून हाताकडे लक्ष द्या. स्टिअरिंग वळवत जाता तसं ते जड होत जातं, आणि पकडीच्या टोकाच्या जरासं आधी परत हलकं व्हायला लागतं. तो हलकेपणा जाणवला की आणखी वळवू नका. आणखी वळवलं तर टायर फक्त घासतो आणि तापतो.

धागालेखिका (तीन आठवड्यांनी)

काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

खडूने पहिल्याच फेरीत उत्तर दिलं. गरम ३३ ला खडू त्रिकोणाच्या खाली जवळपास बोटभर पुसला गेला होता. ३६ ला बरोबर टोकावर आला. मागच्यांना ३४ पुरली. उन्हातही भावाने प्रत्येक फेरीनंतर पाणी मारलं. तळवा ट्रेडवर टेकवला तर आधी जेमतेम सेकंदभर सोसवायचा, पाणी मारल्यावर निवांत ठेवता यायचा. माझ्या फेऱ्या: ४८.९, ४८.०, ४७.६, ४७.७, ४७.४. मार्ग वेगळा होता, त्यामुळे गेल्या वेळेशी तुलना नाही, पण शेवटी वेळ वाढली नाही हे माझ्यासाठी खूप आहे.

स्टिअरिंग हलकं होण्याचं मला एकदाच नीट जाणवलं, लांबलचक डाव्या वळणात. मी हात तिथेच थांबवले, किंचित मागे आणले, आणि नाक आपणहून आत आलं. ती फेरी ४७.४ ची.

निघण्याआधी हवा भरली, आणि आज सकाळी परत मोजली. सगळीकडे ३३.

कॅम्बर बोल्ट नियमात बसतात, पुढच्या महिन्यात घालणार. रोजच्यासाठी ३०० चा सेट जुन्या रिम्सवर चढवला, म्हणून आता २०० चे चार टायर घरात पडून राहणार. ते कसे ठेवायचे तेवढं सांगा.

प्रतिसाद २

धुऊन, कोरडे करून, काळ्या पिशव्यांत बांधून, उन्हापासून आणि विजेच्या मोटारींपासून लांब ठेवा. मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला भेगा पडतात. रिमवर असतील तर आडवे रचा, नुसते असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून फिरवा. खोली गोठणबिंदूखाली जात असेल तर ते टायर खोली ऊबदार होईपर्यंत वाकवू किंवा चढवू नका, असं रबर थंडीत तडकतं. आणि प्रत्येकावर खडूने तो कुठल्या चाकाचा ते लिहून ठेवा.