मदत हवी आहे: मदरबोर्ड उडालेल्या पीसीतून ऑफिस 2010 ची प्रॉडक्ट की काढता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी ठाण्यात, कोपरीला. हिशेब बाबा बघतात. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीदारांची यादी, सगळं त्यांनी ऑफिस प्रोफेशनल 2010 मधल्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमवर स्वतः बसवलंय. यंदा पावसात लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात पीसीचा मदरबोर्ड उडाला. हार्डडिस्क मात्र शाबूत आहे. यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला लावली तर सगळे फोल्डर दिसतात, हिशेबाची फाइलही मिळाली.

ऑफिसची डीव्हीडी आहे, पण कीचं (ऑफिस बसवताना टाकायच्या कोडचं) स्टिकर ज्या पेटीत होतं ती दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेली. बाबांनी की डायरीत उतरवून ठेवली होती, पण त्या पानाला कधीतरी पाणी लागलंय. तिसऱ्या गटातलं एक अक्षर 8 आहे की बी, आणि शेवटच्या गटातलं एक 5 आहे की एस, हे त्यांचं त्यांनाच लागत नाही.

स्टेशनजवळचा एक दुकानदार म्हणाला, "कशाला एवढी कटकट, क्रॅक टाकून देतो." सोसायटीच्या कामाला चोरीचं सॉफ्टवेअर बाबांना चालणार नाही, मलाही नाही. 2010 चा सपोर्ट 2020 सालीच संपला हे माहीत आहे, तेव्हा कृपया "नवीन घ्या" सांगू नका.

जुनं विंडोज 7 सुरू न करता नुसत्या डिस्कवरून की वाचता येते का? एक फुकट टूल चालवून पाहिलं, तर ते माझ्या लॅपटॉपचीच की दाखवतं.

बिटबाबा
येते, आणि 2010 आहे म्हणून येते. 2010 पर्यंत ऑफिस पूर्ण की सांकेतिक रूपात रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ठेवायचं. 2013 पासून फक्त शेवटची पाच अक्षरं ठेवतं, तिथे कुठलंही टूल आणलं तरी उपयोग नाही.

नीरसॉफ्टचं प्रोड्यूकी घ्या, फुकट आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, एफ9 दाबा, बाहेरचा विंडोज फोल्डर निवडायचा पर्याय घ्या आणि जुन्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवा. रजिस्ट्री म्हणजे शेवटी डिस्कवरच्या फाइलीच, त्या वाचायला जुनं विंडोज सुरू असावं लागत नाही. अँटिव्हायरस बोंब मारेल, कारण अशी टूल्स चोरही वापरतात. म्हणून नीरसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा, इतर डाउनलोड साइटांच्या नादी लागू नका.

यादीत विंडोज 7 चीही की दिसेल. पीसीसोबत आलेलं विंडोज असेल तर ते त्या मदरबोर्डाबरोबरच गेलं, ती की विसरा.

तलावपाळी
टूल चालवायच्या आधी डायरी परत बघा. त्या काळच्या कीमध्ये चोवीसच चिन्हं वापरत. स्वर नाहीत, 0, 1 आणि 5 नाहीत, एसही नाही. म्हणजे शेवटच्या गटातलं ते अक्षर 5 ही नव्हे आणि एसही नव्हे! बहुतेक 6 किंवा जी असणार. 8 आणि बी मात्र दोन्ही चालतात. एकूण चार शक्यता. डीव्हीडी लावून सेटअपमध्ये एकेक टाका, की बरोबर असली की शेजारी हिरवी खूण येते.

ऐरोलीकर
बाबांना फक्त बिलं काढायची असतील तर की लागतेच कशाला? मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस रनटाइम फुकट मिळतं. फॉर्म उघडतात, नोंदी होतात, रिपोर्ट छापता येतात. रचना तेवढी बदलता येत नाही. एक मेख आहे: रनटाइममध्ये डावीकडची यादी दिसत नाही, त्यामुळे फाइल उघडल्यावर पहिला फॉर्म आपोआप येईल अशी सोय फाइलीत आधीच केलेली लागते. आमच्या खजिनदारांचा अर्धा दिवस त्यात गेला. आणि काहीही करण्याआधी फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. प्रोड्यूकीने की दाखवली. शेवटच्या गटात जी निघाला, तिसऱ्यात 8. तलावपाळी, डीव्हीडीच्या सेटअपमध्येही हिरवी खूण आली. रनटाइम सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर टाकायचा विचार आहे, त्यांना नुसती थकबाकी बघायची असते. ऐरोलीकर, पहिल्या फॉर्मची ती सोय मूळ अ‍ॅक्सेसमध्ये नेमकी कुठे सापडते?

ऐरोलीकर
फाइल मेनू, ऑप्शन्स, करंट डेटाबेस. तिथे डिस्प्ले फॉर्म म्हणून खाना आहे, त्यात फॉर्मचं नाव निवडा आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा.