विंडोज सोडताना तुमचं काय मागे राहिलं?

आजरेकरीण
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि घरातल्या लॅपटॉपवर त्याच्या सूचना सुरू झाल्या. प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा पुढची लागते. मशीन धडधाकट आहे, टाकून द्यायला जीव होईना. भाचा दिवाळीत आला होता, त्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) घातली. पटकन सुरू होतं, ब्राउझर तोच, माझी काही तक्रार नाही.

मग दादांचे लेख उघडले. दादा म्हणजे वडील. निवृत्त झाल्यावर टायपिंग शिकले आणि आमच्या पंचक्रोशीतली देवळं, पाणवठे, जात्यावरच्या ओव्या यांवर लिहीत राहिले. फाइल उघडली तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मराठीचा एक शब्द नाही. पोटात गोळाच आला. विंडोज ९८ वरून एक्सपीवर गेलो तेव्हाही असंच झालं होतं, तेव्हा दादांनी कुठूनतरी फाँटची फ्लॉपी आणून सगळं परत दिसतं केलं होतं. आता विचारायला ते नाहीत.

तुम्ही ओएस बदललीत तेव्हा काय हाती राहिलं, काय गेलं, लिहा. कुठून कुठेही गेलेले असा.

बोरूबहाद्दर
लेख गेलेले नाहीत. आधी हे वाचा, मग बाकीचं.
युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) येण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. फाइलमध्ये साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नाही तर कचरा दिसतो. तुमची जुनी हार्ड डिस्क कुठे आहे?

आजरेकरीण
कपाटात आहे!!

बोरूबहाद्दर
मग झालं. यूएसबी केसमध्ये घालून जोडा. त्यातल्या विंडोज फोल्डरमध्ये फाँट्स नावाचा फोल्डर आहे, दादांचा फाँट तिथेच असणार. तो कॉपी करून लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये डॉट-फाँट्स नावाच्या फोल्डरमध्ये टाका (आधी टिंब, मग फाँट्स, असे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल एच दाबल्यावर दिसतात). लिब्रेऑफिस (ज्यात लेख उघडता ते सॉफ्टवेअर) बंद करून परत उघडा.

पाऊसवेडी
एक्सपीचं नाव काढलंत आणि ती सीडी आठवली. मराठी दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या खिडकीत जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात खूण करायची, मग ते एक्सपीची सीडी मागायचं. ऑफिसात सगळ्यांत मिळून एक सीडी, ती कायम दुसऱ्याच मजल्यावर. पण मंगल फाँटमध्ये पहिल्यांदा मराठी मेल वाचली तो आनंद वेगळाच. बाकी रात्री लिहिते, पोरगी उठली.

कराडचा_पेंग्विन
आम्ही इंजिनिअरिंगला होतो तेव्हा उबुंटू या लिनक्सची सीडी पोस्टाने फुकट यायची. नाव-पत्ता भरायचा आणि वाट बघायची, बस. पोस्टमनने हॉस्टेलवर पाकीट आणून दिलं की दहा जण गोळा. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती, मी ते कव्हर अजून जपलंय.
नेट म्हणजे बीएसएनएलचं, रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. सातशे एमबीची फाइल उतरवायला दोनचा गजर लावून उठायचो.

सातारारोड
दोन ते आठ!!! मी पण!!! आई विचारायची एवढ्या रात्री कसला अभ्यास करतोस.

कराडचा_पेंग्विन
आणि सात वाजून पंचावन्नला अठ्ठ्याण्णव टक्के 😭

हिशोबनीस
माझं वेगळं मत मांडतो. लिनक्स आवडतं, घरी वापरतो. ऑफिसात नाही. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) विंडोजसाठी आहे, वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) चालवता येते म्हणतात पण महिनाअखेरीला पक्षकार समोर बसलेला असताना तो प्रयोग मी करणार नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तेच. आयकर आणि जीएसटीच्या साइटवर सही करताना टोकनचा ड्रायव्हर, सहीचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर तिन्ही जुळावे लागतात. पोटापाण्याचं काम ज्या मशीनवर आहे ते बदलायच्या आधी एकेका सॉफ्टवेअरची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की तिकडे हे चालेल का. एवढं तळमळीने सांगतो कारण तरुण मुलं वडिलांच्या दुकानातलं मशीन उत्साहाने बदलून देतात, पुण्या-मुंबईला परत जातात, आणि मग वडील फोन करत बसतात.

पाऊसवेडी
शंभर टक्के. आमच्याकडे प्रिंटर अडकला. गल्लीतल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे असतो तो छोटा लेझर. लिनक्सवर नवऱ्याने शनिवार-रविवार घातला तरी पान येईना. शेवटी एचपीचा घेतला, तो मिंटमध्ये जोडल्या जोडल्या ओळखला गेला.

डोंबिवली_फास्ट
मदत हवीये. मुलाच्या लॅपटॉपवर दोन्ही ठेवलंय, विंडोज आणि उबुंटू. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली का?

कराडचा_पेंग्विन
बॅटरी ठणठणीत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. आपला फरक नेमका साडेपाच तास. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने सांगता येतं की स्थानिक वेळच ठेव. संध्याकाळी आज्ञा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.
आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

डोंबिवली_फास्ट
अहो तेच होत होतं! फोटो जाईनात. धन्यवाद धन्यवाद

एडिसनची_सून
मी विंडोजवरून मॅकवर आले, न्यू जर्सीत. पहिला महिना करंगळी कंट्रोलवर जायची आणि काही घडायचं नाही, कॉपी-पेस्ट सगळं कमांडवर. मला टिकवलं इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाने. केच्या कळीवर क, जेवर र, डीवर हलन्त. विंडोज, मॅक, लिनक्स, बोटं कुठेच अडत नाहीत. सरकारी मानक आहे आणि खरंच नीट विचार करून केलेलं आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मुलांना फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करणं) सोपं वाटतं, शिकवा तेही, पण ज्यांना रोज लिहायचंय त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावं असं मला मनापासून वाटतं.

सातारारोड
दऱ्या, सुऱ्या यातला तो र कसा काढता?

एडिसनची_सून
शिफ्ट जे ने ऱ, मग डी, मग य. ळ शिफ्ट एन वर.

गुरुजी_जिप
शाळेत आम्हाला देणगीत जुने संगणक मिळाले. दोन जीबी रॅम, विंडोज ७, त्याचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्येच संपलेला. लुबुंटू हे हलकं लिनक्स घातलं. जीकॉम्प्री नावाचा खेळांचा संच आहे, पहिली-दुसरीची पोरं त्यावर माउस धरायला शिकली. केरळच्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअर धरलं, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, आजही चालू आहे. आपल्याकडे ते एकेका शिक्षकाच्या हौसेवर चालतं याचं वाईट वाटतं. बदली झाली की पुढचा शिक्षक काय करेल माहीत नाही. तास आहे, जातो.

पाऊसवेडी
गुरुजी 🙏 आमच्या तालुक्यात एक शाळा जुने लॅपटॉप घेते का विचारत होती, तुम्हाला व्यनि करते.

आजरेकरीण
दिसले!!! डिस्क जोडली, फाँट टाकला, दादांचा चाळोबा देवावरचा लेख जसाच्या तसा. बोरूबहाद्दर, काय बोलू. आता हे युनिकोडमध्ये कसं नेऊ? भावंडांना फोनवर वाचायला द्यायचंय.

बोरूबहाद्दर
फार छान वाटलं. आता नीट ऐका, मी छपाईत आयुष्य काढलंय.
फाँटच्या नावासकट परिवर्तक शोधा, प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी असते. रूपांतर झाल्यावर मजकूर वाचून काढावाच लागतो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट, जुन्यात अक्षरावर नंतर बसवायचा, युनिकोडमध्ये र् आधी. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर मोठं असलं की चुकतो. "स्थिती", "वर्षी", "मूर्ती" असे शब्द मुद्दाम तपासा. ओव्यांमध्ये बोलीतले शब्द असतील, तिथे शुद्धलेखन तपासनीसही मदत करणार नाही, तुम्हीच वाचायला हव्यात.
मूळ फाइली आणि फाँट दोन्ही पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा.
लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात. ओव्या हिंदी ल मध्ये छापू नका हो.

आजरेकरीण
नाही छापणार. ओव्या आईकडून वाचून घेते, तिला पाठ आहेत बऱ्याच.

हिशोबनीस
चाळोबा म्हणजे आमच्या मामाच्या बाजूचा की. लेख इथे टाकाल का?

डोंबिवली_फास्ट
विंडोज १० वर अजून असलेल्यांसाठी: सुरक्षा अपडेट वाढवून घेता येतात, घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आणि मशीन नवं असून ११ नको म्हणत असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम ही ११ ला लागणारी सुरक्षेची सोय बंद आहे का बघा. माझ्या बहिणीचं तेवढ्यानेच झालं.

सातारारोड
फ्लॉपी वाचायला यूएसबी ड्राइव्ह कुणाकडे आहे का, साताऱ्यात किंवा पुण्यात? काकांच्या कवितांचा डबा आहे.

बोरूबहाद्दर
माझ्याकडे आहे, पुण्यात. फ्लॉपीला बुरशी असेल तर ड्राइव्हमध्ये घालू नका, तशाच घेऊन या. रविवारी सकाळी घरी असतो.