१९४१चा हंगाम: टेड विल्यम्स मोठा की जो डिमॅजियो?

धावफलक:
प्रश्न अमेरिकन बेसबॉलचा, बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स की न्यूयॉर्क यँकीजचा जो डिमॅजियो, आणि तोही फक्त फलंदाजीपुरता आहे. डिमॅजियोचं सेंटर फील्डमधलं क्षेत्ररक्षण आणि यँकीजची नऊ विजेतेपदं बाजूला ठेवा. १९४१ मध्ये डिमॅजियोने सलग ५६ सामन्यांत हिट मारली (हिट म्हणजे फटका मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठणं) आणि त्याच हंगामात विल्यम्सने .४०६ची सरासरी गाठली (म्हणजे हजार संधींमागे ४०६ हिट). एमव्हीपी (हंगामातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) गेलं डिमॅजियोकडे, २९१ विरुद्ध २५४ गुणांनी. कारकिर्दीची सरासरी बघितली तर विल्यम्स .३४४, डिमॅजियो .३२५. पण एकाचं घरचं मैदान फेनवे पार्क, दुसऱ्याचं यँकी स्टेडियम. मग हे आकडे सरळ शेजारी-शेजारी मांडता येतात का? आणि वॉकला (चार बाहेरचे चेंडू सोडले की न मारता मिळणारा फर्स्ट बेस) वजन किती द्यायचं? क्रिकेट बघत वाढलेल्याला वॉक म्हणजे वाईडसारखा वाटतो. त्यात फलंदाजाचं कर्तृत्व काय?

नेमका आकडा:
वॉकपासूनच सुरुवात करू, कारण या दोघांतला फरक मुख्यतः तिथेच आहे.

नऊ डावांच्या सामन्यात संघाला २७ आउट मिळतात. धावा त्या २७ आउटच्या आतच काढायच्या, म्हणून फलंदाज आउट किती खर्च करतो हा पहिला प्रश्न. १९४१चे आकडे घ्या (अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक आणि अंगावर चेंडू सोडून उरलेल्या संधी; अंगावर चेंडू बसला तरी बेस मिळतो). विल्यम्स ४५६ अ‍ॅट-बॅट, १८५ हिट, १४७ वॉक, ३ वेळा अंगावर चेंडू. डिमॅजियो ५४१ अ‍ॅट-बॅट, १९३ हिट, ७६ वॉक, ४ वेळा अंगावर चेंडू. म्हणजे विल्यम्स ६०६ वेळा प्लेटवर आला, डिमॅजियो ६२१ वेळा. फरक फक्त १५चा. आता अ‍ॅट-बॅटमधून हिट वजा करा. विल्यम्सचे २७१ आउट, डिमॅजियोचे ३४८. संधी जवळपास तितक्याच, पण डिमॅजियोने ७७ आउट जास्त खर्च केले. जवळजवळ तीन अख्ख्या सामन्यांचे आउट झाले हे. ऑन-बेस टक्केवारीत (एकूण संधींपैकी किती वेळा बेसवर पोहोचला) हेच .५५३ आणि .४४० असं दिसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वॉकपेक्षा हिट मोलाची. खरं आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीला धावांत किंमत लावू. ढोबळ भाव असे (सिंगल, डबल, ट्रिपल म्हणजे एक, दोन, तीन बेसची हिट, होमरन म्हणजे चारही बेस): सिंगल ०.४७, डबल ०.७७, ट्रिपल १.०५, होमरन १.४, वॉक किंवा अंगावर चेंडू ०.३२ आणि आउट उणे ०.३. विल्यम्सच्या ११२ सिंगल, ३३ डबल, ३ ट्रिपल, ३७ होमरन. डिमॅजियोच्या १०९, ४३, ११ आणि ३०. गुणाकार करून बेरीज केली की विल्यम्स साधारण अधिक १००, डिमॅजियो अधिक ५९. चाळीस धावांचा फरक पडतो, आणि दहा धावांना एक विजय या हिशेबाने चार विजय. डिमॅजियोच्या डबल-ट्रिपल जास्त असूनही हा फरक राहतो, हे मुद्दाम बघा.

चूक बहुतेकांची इथे होते: सरासरी बघायची आणि वर होमरन मोजायचे. सरासरीच्या भागाकारात वॉक कुठेच येत नाही, त्यामुळे १४७ वेळा बेसवर गेलेला माणूस त्या आकड्यात दिसतच नाही.

वॉकमध्ये कर्तृत्व काय, याचंही उत्तर आहे. विल्यम्सने पुढे स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजासमोरची वैध चेंडूची चौकट) ७७ चेंडू बसवून (आडवे सात, उभे अकरा) प्रत्येक जागेला आपली अपेक्षित सरासरी लावली होती. अगदी मधल्या जागेला .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्याला .२३०. झोनमधलाच चेंडू चुकीच्या जागी मारला तर सरासरी इतकी पडते, झोनबाहेरचा मारला तर त्याहूनही खाली. तो चेंडू सोडणं हे कौशल्यच आहे, आणि त्याचं दुसरं फळ असं की पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) शेवटी मधे यावंच लागतं.

डावरा:
वरचा हिशेब मान्य, पण मैदानांचा प्रश्न राहिला. डिमॅजियो उजवा, म्हणजे त्याचे जोरदार फटके डावीकडे जाणार. यँकी स्टेडियमचं लेफ्ट-सेंटरचं कुंपण तेव्हा ४५७ फुटांवर होतं. इतर ठिकाणी कुंपणापार गेला असता तो फटका तिथे सेंटर फील्डरच्या हातात विसावायचा. त्याच्या ३६१ होमरनपैकी घरी १४८ आणि बाहेर २१३. सरासरी घरी .३१५, बाहेर .३३३. बहुतेक फलंदाजांचं याच्या उलट असतं.

विल्यम्स डावा. फेनवेची ३७ फुटी भिंत डाव्या बाजूला, म्हणजे त्याच्या पुल फटक्याला (उजवीकडे ओढून मारलेल्या) तिचा उपयोग नाही, आणि १९४० मध्ये उजवीकडे बुलपेन (राखीव पिचरांची सरावाची जागा) बांधून कुंपण पुढे आणलं तरी राइट फील्ड लांबच राहिलं. पण फेनवेत फाउलची (बाजूच्या रेषांबाहेरची) जागा अरुंद, उंच उडालेले फाउल प्रेक्षकांत जाऊन पडतात आणि फलंदाजाला जीवदान मिळतं. विल्यम्सची सरासरी घरी .३६१, बाहेर .३२८.

म्हणजे फक्त बाहेरच्या मैदानांवर सरासरीत डिमॅजियो पुढे, स्लगिंगमध्ये (एका अ‍ॅट-बॅटमागे हिटने मिळवलेले बेस) दोघे जवळपास बरोबरीत. .३४४ विरुद्ध .३२५ हा फरक म्हणजे बराचसा मैदानांचा फरक. वॉकचा फरक मात्र मैदानामुळे नाही: कारकिर्दीत २,०२१ विरुद्ध ७९०. म्हणून माझा कौल विल्यम्सला, पण सरासरीच्या जोरावर नाही.

आणि डिमॅजियोचा एक आकडा कुणी विसरू नये. ३६१ होमरन आणि अख्ख्या कारकिर्दीत ३६९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट होणं). ताकदीने मारणारा माणूस इतका कमी चुकतो हे आजच्या कुठल्याही फलंदाजाला जमत नाहीये.

धावफलक:
दोघांचेही आभार, वॉकचं पटलं. मग ५६ सामन्यांचं काय? ते निव्वळ नशीब मानायचं का?

नेमका आकडा:
नशीब आहेच, पण निव्वळ नाही. शिवाय ज्या गुणामुळे विल्यम्स वर ठरतो तोच गुण अशा मालिकेच्या विरुद्ध जातो.

डिमॅजियो त्या वर्षी सामन्याला सुमारे चार अ‍ॅट-बॅट खेळत होता. .३५७च्या फलंदाजाला चारपैकी एकही हिट न मिळण्याची शक्यता .६४३चा चौथा घात, म्हणजे १७ टक्के. उरले ८३ टक्के. त्याचा ५६वा घात घेतला की ठरावीक ५६ सामन्यांत हे घडण्याची शक्यता साधारण ३६ हजारांत एक. आता विल्यम्स. वॉकमुळे त्याचे सामन्याला तीनच्या आसपास अ‍ॅट-बॅट. .४०६ सरासरी असूनही हिटची शक्यता ७९ टक्के, आणि ५६ सामन्यांसाठी पाच लाखांत एक. चांगला चेंडू मिळेपर्यंत थांबणाऱ्याला अशी मालिका दुरापास्तच.

डिमॅजियोची मालिका १५ मे ते १६ जुलै चालली. त्या काळात त्याने २२३ अ‍ॅट-बॅटमध्ये ९१ हिट मारल्या, म्हणजे .४०८. त्याच तारखांत विल्यम्सची सरासरी .४१२ होती. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने रेषेलगतचे दोन जोरदार फटके अडवून फर्स्ट बेसवर आउट केलं, तेव्हा ती थांबली. पुढच्याच सामन्यापासून डिमॅजियोने आणखी सलग १६ सामन्यांत हिट मारली. त्याची मालिका मी फलंदाजीतला थोर पराक्रम मानतो. धावांच्या हिशेबात मात्र तिला वेगळे गुण मिळत नाहीत. ९१ हिट ५६ सामन्यांत पसरल्या काय आणि ४५ सामन्यांत आल्या काय, धावा त्याच.

डावरा:
.४०६ बद्दल एक पुरवणी. १९४१ मध्ये सॅक्रिफाइस फ्लायचा नियम नव्हता. थर्ड बेसवरचा धावक लांब झेलावर धाव काढून आला तरी फलंदाजाच्या नावावर अ‍ॅट-बॅट आणि आउट लागायचा. नियम परत आला १९५४ मध्ये. आजच्या पद्धतीने मोजलं तर विल्यम्सची सरासरी आणखी वर जाते. आणि शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियातल्या दोन सामन्यांआधी तो ४४८ पैकी १७९, म्हणजे .३९९५५ वर होता. पूर्णांकन करून .४०० धरता आलं असतं. तो दोन्ही सामने खेळला: पहिल्यात ५ पैकी ४, दुसऱ्यात ३ पैकी २.