तीन मिनिटांच्या तबकडीनं आपलं गाणं वाचवलं की कापलं?

खर्ज
गेले काही दिवस १९०२ पासूनच्या पहिल्या दहा वर्षांतल्या रेकॉर्डी ऐकतोय आणि एक गोष्ट मनात घट्ट बसलीय ती मांडतोच. आपण सगळे सरसकट म्हणतो की ग्रामोफोन आला म्हणून जुनं गाणं वाचलं. मला नाही पटत. वाचला तो आवाज, गाणं नाही. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, १२ इंचीला चारच्या थोडं वर. अहो ख्याल गाणाऱ्याचा तेवढ्यात षड्जसुद्धा नीट लागून स्थिरावत नाही! मग आलाप गेला, विलंबित गेलं, बढत म्हणजे राग सावकाश फुलवत नेणं गेलं आणि उरलं काय तर मुखडा, अंतरा, चार ताना आणि संपलं. तेव्हाच्या नामवंत गायिका गौहरजानबाईंना तर त्यातही शेवटचे दोन-तीन सेकंद 'माय नेम इज गौहर जान' म्हणायला राखून ठेवावे लागायचे, कारण मेणावर कोरलेली मूळ तबकडी छापायला जायची जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसांना कळायला हवं ना कोण गातंय ते.
त्यात मायक्रोफोनही नाही. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ ला सुरू झालं, तोवर कर्ण्यासमोर तोंड आणून जोरात गायचं, त्या जोरानं पडदा हलणार आणि सुई मेणावर रेघ ओढणार. तंबोरा त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. तंबोऱ्याशिवाय, आलापाशिवाय, धापा टाकत उरकलेलं गाणं आपण पुढच्या पिढीला 'जुन्या लोकांचं गाणं असं होतं' म्हणून ऐकवायचं का?

झिंजोटी
खर्जदादा, तळमळ कळते पण साफ असहमत.
भास्करबुवा बखले. १९२२ ला गेले. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू. त्यांच्या गाण्याची एका मिनिटाची रेकॉर्ड नाही. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, म्हणजे रेकॉर्डी घरोघरी वाजायला लागून किती वर्षं झाली होती बघा, तरी त्यांचाही आवाज आपल्याकडे नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई ऐकायच्या आणि त्यावरून गुरू कसा गात असेल त्याचा अंदाज बांधायचा, एवढंच हातात. मला कुणी सांगितलं की भास्करबुवांची तीन मिनिटं आहेत, तंबोरा नाही, खरखर भरपूर आहे, आलाप नाही, तर मी तशीच उठून पळत जाईन. तुम्ही नाही जाणार? खरं सांगा.
आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंजोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन' (माझं इथलं नाव तिथूनच आलंय), ती रेकॉर्ड ऐकून भीमसेनजी लहान वयात घर सोडून गाणं शोधायला निघाले. तीन मिनिटांत जर 'गाणं' नव्हतंच तर त्या पोराला एवढं वेड कशानं लावलं?

खर्ज
पळत जाईन ताई, तुमच्या आधी पोचेन. पण भीमसेनजींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रेकॉर्डनं ओढ लावली, गाणं नाही दिलं. गाण्यासाठी त्यांना सवाई गंधर्वांकडे जाऊन राबावंच लागलं. माझी तक्रार त्या तीन मिनिटांना नमुना मानण्याबद्दल आहे. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते, गळा फार गोड. एक बंदिश जुन्या रेकॉर्डवरून बसवून आली. स्थायी एकदाच म्हणाली आणि लगेच तान. म्हटलं अगं थांब, रागाशी जरा बोल तरी, तर म्हणते सर त्यात असंच आहे. रेकॉर्डमध्ये तान जिथे येते तिथेच हिची तान, रेकॉर्डमध्ये गायिका श्वास घेते तिथेच हिचा श्वास. त्या बाईंना मेण संपत आलं म्हणून घाई होती, हिला कसली घाई?
आणि हे फक्त आपल्याकडे नाही झालं. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ड्रमच्या दणक्यानं सुई उडायची म्हणून बेबी डॉड्सला पूर्ण ड्रम वाजवू दिले नाहीत, लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. लुई आर्मस्ट्राँगचा आवाज बाकीच्यांना झाकतो म्हणून त्याला लांब उभं केलं. आता त्या रेकॉर्डीवरून कुणी ठरवलं की तेव्हाचे ड्रमवाले असंच टकटक वाजवायचे तर ते किती खोटं होईल.

दुगुन
दोघेही ख्यालाच्या मापानं मोजताय म्हणून हा घोळ. पहिल्या दहा वर्षांत आपल्याकडे रेकॉर्डी मुख्यतः कुणी केल्या? गौहरजान, जानकीबाई, जोहराबाई, मलकाजान. बहुतेक मोठे उस्ताद दूरच राहिले. या बायका कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या आणि तीन मिनिटांत काय मावतं ते त्यांनी स्वतः शोधून काढलं. याला तुम्ही 'कापणं' म्हणता? मी याला नवीन आकार घडवणं म्हणते. ठुमरी, दादरा, होरी, कजरी घ्या, तीन मिनिटांत एका शब्दाला चार वेगवेगळ्या अंगांनी वळवून मुखड्यावर परत यायचं, हे करून बघा एकदा, फुरसतीच्या मैफलीपेक्षा अवघड आहे. तिकडे पाश्चात्त्य संगीतकार स्ट्राविन्स्कीनं १९२५ मध्ये पियानोसाठी एक सेरेनाड लिहिली, तिचा प्रत्येक भाग रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेल असा मुद्दाम बेतला. त्याला कुणी 'कापला' म्हणत नाही, मग आपल्या बायकांनी तेच वीस वर्षं आधी केलं तर ते 'उरकणं' कसं?
अजून एक. बाईंचं गाणं तोवर कोण ऐकू शकायचं? ज्याला आमंत्रण होतं तो, आणि तो पुरुष. घरातल्या बाईला त्या मैफलीत पाऊल टाकता येत नव्हतं. रेकॉर्ड आली आणि तीच गौहरजान माजघरात ऐकू यायला लागली. ही गोष्ट मला आलापाच्या वीस मिनिटांपेक्षा लहान नाही वाटत.

खर्ज
दुगुनताई, माजघराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य, पूर्ण मान्य. आणि ठुमरी-दादऱ्याबद्दलही 'उरकलेलं' हा शब्द मागे घेतो, तो चुकला. पण जोहराबाई आग्रेवाली ख्यालही गायल्या ना, खुद्द फैयाजखाँसाहेब त्यांना मानायचे. त्यांच्या ख्यालात शेवटी शेवटी जी धावपळ ऐकू येते ती आकार वगैरे नाही, ती वेळेची मारामारीच आहे. यावर मी ठाम.

मेणवाला
सगळा धागा वाचला, एक विचारू का? खर्ज, तुम्ही या रेकॉर्डी कुठल्या वेगानं ऐकता?
विचारतोय कारण आपण '७८ आरपीएम' (मिनिटाला ७८ फेरे) म्हणतो खरं पण त्या काळात वेग पक्का ठरलेला नव्हता. कधी ७० च्या आसपास कधी ८० च्या, ज्या दिवशी यंत्र जसं लावलं तसं. आता समजा मूळ ७२ ला मुद्रित झालंय आणि ज्यानं कॉम्प्युटरवर चढवलं त्यानं सरळ ७८ ला लावलं, तर पेटीच्या काळी चार पट्टीत गायलेलं गाणं एक पट्टी वरच्या पांढरी सहाच्याही वर जातं, तीन मिनिटांचं पावणेतीनच्या आसपास होतं, आवाज पातळ आणि तान चुरचुरीत. मग आपण म्हणतो बाईंना किती घाई होती, आणि त्यातली थोडी घाई आपल्याच फिरकीची असते.
म्हणून वेग उतरवून बघा. पेटीवर मुळात कुठली पट्टी असेल त्याचा अंदाज घ्यायचा आणि कान पेटीच्या आवाजाकडे ठेवायचा. गळा फसवतो, पेटी नाही फसवत, ती खेळण्यासारखी किणकिणायची थांबली की समजायचं जवळ आलो.

झिंजोटी
हे माहीतच नव्हतं! म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला त्यांचा 'जुना बारीक आवाज' समजत होते...

मेणवाला
हो ताई, बऱ्याचदा. सगळ्यांच्या बाबतीत नाही, चढ्या पट्टीत गायचेच तेव्हा, विशेषतः कर्ण्यासाठी. पण तपासल्याशिवाय ठरवायचं नाही.

खर्ज
काल रात्री हेच करत बसलो होतो. जोहराबाईंची एक घेतली आणि थोडं थोडं उतरवत गेलो. ७४ च्या जवळ पेटी पेटीसारखी वाजायला लागली आणि आवाज एकदम खाली येऊन भरदार झाला, छातीतून आलेला, मी तर दचकलोच. ज्या तानेला मी धावपळ म्हणत होतो तिच्यातला एकेक स्वर सुटा ऐकू आला, आणि समेच्या आधी बाई एक क्षण थांबतात तो क्षण मला आधी कधी जाणवलाच नव्हता.
आलाप नाहीये हे माझं दुःख आहे तसंच आहे, ते कुठल्याही वेगानं परत येणार नाही. पण त्या मुलीला उद्या हीच उतरवलेली ऐकवणार आहे, आणि ती समेच्या आधीची जागा तिला दहा वेळा ऐकायला लावणार आहे.
मेणवाला, गौहरजानबाईंच्या शेवटच्या त्या नाव सांगण्याच्या वाक्यावरून वेग ताडता येईल का? बोलण्याचा आवाज आहे तो, गाण्यापेक्षा सोपं जाईल असं वाटतंय.

मेणवाला
येतो की, मी तिथूनच सुरुवात करतो. बोलताना माणूस पट्टी चढवत नाही. एखादी पाठवा, दोघं मिळून बघू.