बोलेरोत रोज सहा कॅन दूध: मागून डावीकडे बसते, क्लच सोडताना 'कट्' वाजते

शिराळा_रोड:
२०१४ ची बोलेरो, २५२३ सीसी कॉमनरेल (डिझेल जोरदार दाबाने फवारणारं इंजिन), १,८६,००० किमी. रोज ७० किमी, त्यातले १२ कच्चे. जाताना ४० लिटरचे सहा कॅन, येताना पेंडीची चार पोती. रिकामी उभी असतानाही मागून डावीकडे बसलेली दिसते. पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून एकच 'कट्' येतो. मागचा पत्रा मॅटखाली फुगलाय. डिझेल फिल्टरचा पाण्याचा दिवा अधूनमधून लागतो. गॅरेजवाला म्हणतो, पाट्यात (मागची पोलादी पानांची स्प्रिंग) एक जादा पान घाला. घालू का?

पाटेवाला:
जादा पान नको. भरलेला कॅन पन्नास किलोच्या घरात जातो, म्हणजे सगळे मिळून ३०० किलो. गाडी सात माणसांचं वजन घेते, तिला हे जड नाही. वजन कुठं ठेवता ते बघा. मागच्या दाराला टेकवलेले कॅन ॲक्सलच्या मागे लोंबतात. मधली सीट दुमडून ते पुढं सरकवा आणि पट्ट्याने आवळा.

आता मोजमाप. सपाट जागा, गाडी रिकामी, चारही टायरांत हवा सारखी. मागच्या हबच्या (चाकाचा मधला भाग) मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू टेपने मोजा. फरक १५ मिमीच्या वर गेला तर पाटा बसलाय किंवा पान तुटलंय. तार-ब्रश मारून पानाच्या कडा बघा, तडा गेलेल्या जागी गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते. मग पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्या (स्टिअरिंग सरळ ठेवून). ते वेगळं आलं तर पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय असं समजा, आणि तोवर कॅन भरू नका. डावा पाटा आधी जातो यात नवल नाही, साइडपट्टीचे खड्डे त्याच्याच वाट्याला.

ओढ्याकाठचा:
जादा पानाबद्दल अजून एक. मागच्या ब्रेकला एलएसपीव्ही असेल (चेसिसपासून ॲक्सलला दांडी जोडलेला व्हॉल्व्ह), तर तो गाडी किती दबली यावरून मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. पान वाढवलं की गाडी उचलली जाते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात हे महागात पडतं.

'कट्' हा बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा फिरता दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. शाफ्ट हाताने पुढं-मागं फिरवा. क्रॉसच्या टोप्यांत ढिलाई दिसली तर क्रॉस बदला. खोलण्याआधी योकवर (क्रॉस धरणारा दुबेळका) खूण करा, अर्धा फेर चुकला तरी थरथर सुरू होते. ग्रीस भरायचं निपल असेल तर दर ५,००० किमीला चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. क्रॉस घट्ट असून शाफ्ट हलत असेल तर ढिलाई बहुधा डिफरन्शियलमध्ये (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) आहे. तिथला ब्रीदर (हवा सुटायचं तोंड) चिखलाने बुजलाय का तेही बघा. तो बुजला की आतलं प्रेशर ऑइल सीलमधून बाहेर ढकलतं आणि ऑइल थेट ब्रेक ड्रममध्ये.

दूधसंकलन:
पत्रा दुधाने जातो. सांडलेलं आंबतं, त्यात पेंडीचं मीठ, वरून मॅट. मॅट काढा, तळाचे रबरी बूच उघडा. आधी थंड पाणी, मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा. पहिल्यांदाच गरम पाणी ओतलं तर दूध पत्र्याला चिकटून बसतं. फुगलेला भाग टोचून बघा. आरपार गेला तर कापून १८ गेजचा पत्रा जोडा, वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. गंजावर नुसतं रबर कोटिंग मारलं तर आत कुजणं चालूच राहतं. वर प्लाय टाकायचा असेल तर स्क्रू मारण्याआधी खाली वाका, तिथून ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप जातात.

दिव्याचं आजच करा. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून बाटलीत धरा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, आवळा, हातपंपाने भरा. कॉमनरेलमध्ये पाणी गेलं तर इंजेक्टरवर जातं. घरच्या कॅनमधून डिझेल ओतत असाल तर ते आधी थांबवा.

शिराळा_रोड:
मोजलं. डावी बाजू २२ मिमी खाली, दुसऱ्या पानाला तडा. हबचं अंतर दोन्हीकडे सारखं. बाटलीत दोन बोटं पाणी आलं.

पाटेवाला:
मग ते पान दोन्ही बाजूंचं बदला, एकाच बाजूला नवं घातलं तर उजवीकडे झुकेल. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, ताणलेले परत धरत नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खळग्यात बसलंय हे बोटाने चाचपा. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) बोल्ट जॅकवर नुसते लावा, शेवटचा आवळ गाडी चाकांवर उतरवल्यावर. नाहीतर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.